नर्सिंग पास झालात? आता पगार, बाँड आणि पुढच्या वाटांचं बोलू

निकाल लागला की माझा फोन सुरू होतो. "सिस्टर, अमुक हॉस्पिटल बारा हजार देतंय, धरू का?" मी कोल्हापूरकडच्या एका सरकारी रुग्णालयात परिसेविका आहे, म्हणजे वॉर्डची इनचार्ज सिस्टर. त्याआधी तालुक्याच्या गावातल्या छोट्या नर्सिंग होममध्ये आणि पुण्यातल्या आयसीयूत खासगी नोकरी करून झाली आहे. प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते. जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग होऊन पहिली नोकरी शोधणाऱ्या पोरींसाठी हे आहे, आणि ब्रदर लोकांसाठीही, म्हणजे पुरुष नर्ससाठी.

माझं म्हणणं एवढंच, की पहिल्या दोन वर्षांत पगारापेक्षा कागद जास्त कमवायचा असतो. नोंदणी, चांगल्या वॉर्डातला अनुभव आणि तो अनुभव सिद्ध करणारं पत्र. एम्स असो, दुबई असो की जर्मनी, पुढची बहुतेक दारं त्याच कागदावर उघडतात. दोन हजार कमी-जास्त यावर अडून बसू नका. पण जिथून अनुभवाचं धड पत्रही मिळणार नाही, ती नोकरी पंचवीस हजारांची असली तरी नको.

आधी नोंदणी, मग ड्यूटी

शेवटच्या वर्षाचा निकाल हातात आला की पहिलं काम महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीचं. आरएन आणि आरएम, म्हणजे नर्स आणि मिडवाइफ, असे दोन्ही नंबर मिळतात. "आधी जॉइन हो, नंबर येईल सावकाश" असं सांगणारी हॉस्पिटलं भरपूर आहेत. नोंदणी नसताना नर्स म्हणून काम करणं बेकायदेशीर आहे, आणि काही कमीजास्त झालं तर त्या दिवशी तुमच्या मागे कोणी उभं राहत नाही, हे ध्यानात ठेवा. शिवाय अनुभव मोजताना बहुतेक ठिकाणी नोंदणीच्या तारखेपासून मोजतात. नंबर यायच्या आधीचे पाच-सहा महिने कितीही राबलात तरी ते हिशेबात येत नाहीत.

आमच्या भागातल्या पुष्कळ मुली बेळगाव-बंगळूरला शिकतात. त्यांची पहिली नोंदणी कर्नाटकच्या कौन्सिलकडे होते. महाराष्ट्रात नोकरी करायची तर तिथून ना हरकत आणि पडताळणी मागवून इथे पुन्हा नोंदणी करावी लागते. याला वेळ लागतो. सरकारी भरतीची जाहिरात निघाल्यावर धावाधाव करून ते होत नाही, म्हणून गावी परत आल्या आल्या अर्ज टाका.

नोंदणी पाच वर्षांची असते, पुढे नूतनीकरण. त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना घेतलेल्या पुढच्या शिक्षणाचे तास लागतात; भारतीय नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण पाच वर्षांत दीडशे तासांचं आहे. हॉस्पिटलमध्ये वर्कशॉप झालं की प्रमाणपत्र त्याच दिवशी मागून घ्या. चार वर्षांनी ते शोधायला जाल तेव्हा ते देणारी मॅडम बदलून गेलेली असते.

आणि नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरं, कौन्सिलच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरं. लग्न झालं की चौथं. परदेशाच्या कागदांची तपासणी करणारी डेटाफ्लो नावाची कंपनी एका अक्षराच्या फरकावरून फाइल महिनोन्महिने अडकवून ठेवते. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण बदलायचं असेल तर राजपत्रात बदला आणि पासपोर्ट, पॅन, आधार, कौन्सिल सगळीकडे एकाच झटक्यात बदला. माझा वैयक्तिक सल्ला विचाराल तर बदलू नका. सासूबाई रागावल्या तर त्यांना व्हिसाचं कारण सांगा.

ऑफर लेटर कसं वाचायचं

फ्रेशरला तालुक्याच्या गावातल्या वीस-तीस खाटांच्या दवाखान्यात आठ ते बारा हजार मिळतात. सांगली-मिरज, कोल्हापूरच्या मोठ्या खासगी रुग्णालयांत बारा ते सोळा. पुण्या-मुंबईच्या कॉर्पोरेट रुग्णालयांत अठरा ते पंचवीस. हे मी आमच्या पोरींच्या पगाराच्या पावत्या बघून सांगते आहे, इकडेतिकडे होऊ शकतं.

पण जाहिरातीतला आकडा आणि खात्यात जमा होणारा आकडा यांत अंतर असतं. एक नमुना मांडते. समजा लेटरवर लिहिलंय, महिना सीटीसी (मालकाचा तुमच्यावरचा एकूण खर्च) २४,००० रुपये. खाली फोड अशी: मूळ पगार १३,०००, घरभाडं ५,०००, इतर भत्ते २,५००. म्हणजे ग्रॉस, कपातीआधीचा पगार, झाला २०,५००. उरलेले साडेतीन हजार कुठे गेले? मालकाच्या वाट्याचा पीएफ १,५६०, मालकाच्या वाट्याचं ईएसआयसी (कामगार विमा) ६६६, ग्रॅच्युइटीची तरतूद ६२५ आणि गणवेशाच्या नावाखाली ६४९. यातला एक रुपयाही दर महिन्याला तुमच्या हातात येत नाही.

आता ग्रॉसमधून तुमची कपात. पीएफ मूळ पगाराच्या १२ टक्के, म्हणजे १,५६०. ईएसआयसी ०.७५ टक्के, म्हणजे १५४. व्यवसाय कर महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंत माफ आहे. ब्रदर लोकांचे मात्र दहा हजारांच्या वर गेलं की २०० कापतात, फेब्रुवारीत ३००. तर हातात पडले १८,७८६. त्यातून हॉस्टेल आणि मेसचे साडेतीन हजार वळते केले की उरले १५,२८६. चोवीस हजारांची नोकरी ही अशी पंधरावर येते.

म्हणून एचआरला एकच प्रश्न विचारायचा: "सर, सगळं कापून खात्यात किती पडतील?" आकडा ऐकला की वहीत लिहून घ्यायचा, त्यांच्या समोर.

पीएफ कापला म्हणून नाराज होऊ नका. तेवढाच पैसा मालकही भरतो, आणि यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर, हा तुम्ही खरोखर तिथे नोकरीला होता याचा सरकारी पुरावा असतो. उद्या हॉस्पिटल बंद पडलं, अनुभवपत्र द्यायला कोणी राहिलं नाही, तरी पीएफच्या पासबुकात महिने दिसतात. तसंच ईएसआयसीचं. पगार २१,००० पर्यंत असेल तर ते लागू होतं, आई-वडील अवलंबून असतील तर त्यांचाही उपचार होतो आणि बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा पगारासकट मिळते. रोखीत पंधरा देणाऱ्या दवाखान्यापेक्षा पीएफ-ईएसआयसीसकट तेरा देणारं रुग्णालय मी केव्हाही निवडेन.

तासाचा भाव काढा

आकड्याशेजारी तास लिहिल्याशिवाय पगार कळत नाही. पंधरा हजार, आठ तासांची ड्यूटी, महिन्याला सव्वीस दिवस: २०८ तास, तासाला ७२ रुपये. तेच पंधरा हजार बारा तासांच्या ड्यूटीला: ३१२ तास, तासाला ४८ रुपये. छोट्या दवाखान्यांत बारा तास सर्रास चालतात. वर "आज नाइटची सिस्टर आली नाही, थांब ना बाळा" आहेच. डबल ड्यूटीचे पैसे मिळतात की बदली ऑफ, आणि तो ऑफ खरंच मिळतो का, हे तिथल्या मुलीला विचारा. एचआरला विचारून उपयोग नाही. मुलाखतीला गेलात की चहाच्या टपरीवर पाच मिनिटं थांबा. गणवेशातली कोणीतरी येतेच. "ताई, इथे पगार किती तारखेला होतो?" एवढं विचारलं तरी पुरे, पुढचं ती आपणहून सांगते.

आणखी एक विचारायचं: नाइटला एका सिस्टरकडे किती पेशंट? सर्वसाधारण वॉर्डात सहा पेशंटमागे एक नर्स आणि आयसीयूत व्हेंटिलेटरच्या पेशंटमागे एक नर्स हे कागदावरचं प्रमाण. प्रत्यक्षात कोणी "पंधरा-वीस" म्हणालं तर दचकू नका, सरकारीत आम्ही त्याहून जास्त सांभाळतो. पण फ्रेशरला पहिल्याच आठवड्यात एकटीला नाइट लावतात असं कळलं तर ती जागा सोडा. चूक झाली तर सही तुमची असते.

मोलभाव करताना एक गोष्ट माहीत असलेली बरी. २०१६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने खासगी नर्सच्या पगाराबद्दल केंद्राला समिती नेमायला सांगितलं. त्या समितीने सुचवलं, की २०० च्या वर खाटा असलेल्या खासगी रुग्णालयाने त्या राज्यातल्या सरकारी नर्सएवढा पगार द्यावा, १०० ते २०० खाटांना फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या खाली खाटा असल्या तरी २०,००० पेक्षा कमी देऊ नये. अंमलबजावणी राज्यांवर सोडली. केरळातल्या नर्सेस रस्त्यावर उतरल्या, वर्षभर झगडल्या, आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने खासगी रुग्णालयांतला किमान पगार वीस हजार ठरवला. आपल्याकडे मी सांगितलेले आकडे बघा, म्हणजे काय झालं ते कळेल. मुलाखतीत हे ऐकवून पगार वाढणार नाही, पण बारा हजार देणारा आपल्यावर उपकार करतोय असं मनात तरी राहणार नाही.

कुठला वॉर्ड मागायचा

सगळ्यांना थेट आयसीयू हवं असतं. माझं मत जरा वेगळं आहे. पहिले सहा महिने मेडिसिन किंवा सर्जरीच्या जनरल वॉर्डात काढा. ड्यूटी बदलताना पेशंटचा हँडओव्हर कसा घ्यायचा, नातेवाइकांशी कसं बोलायचं, डॉक्टरला रात्री तीनला फोन केव्हा करायचा आणि केव्हा नाही, वॉर्डातल्या मदतनीस मामा-मावशींकडून गोडीने काम कसं करून घ्यायचं, हे सगळं तिथे शिकायला मिळतं. आयसीयूत मॉनिटर ओरडून सांगतो; जनरल वॉर्डात पेशंट बिघडतोय हे चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. त्यानंतर मात्र हटून आयसीयू, एनआयसीयू (नवजात बाळांचं आयसीयू), ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, कॅथलॅब (हृदयाच्या अँजिओग्राफीची खोली) किंवा लेबर रूम मागा. पगार तिथे वाढतो आणि परदेशातही त्यांचीच मागणी असते.

मी वॉर्डात नवीन मुलीला पहिल्या दिवशी एक गणित घालते. ५०० मिली आरएल (एक प्रकारचं सलाइन) आठ तासांत द्यायचंय, सेट २० थेंबांचा आहे, म्हणजे एका मिलीला २० थेंब, मिनिटाला किती थेंब? पाचशे गुणिले वीस, भागिले चारशे ऐंशी मिनिटं. वीस पूर्णांक आठ, म्हणजे एकवीस थेंब. मग तिला ड्रिप चेंबरसमोर उभी करते आणि घड्याळ लावून मोजायला सांगते. निम्म्या मुली उत्तर बरोबर काढतात आणि थेंबांचा वेग ठरवणारा रोलर तसाच धावता ठेवतात. हे गणित खासगीच्या मुलाखतीत विचारतात, सरकारी परीक्षेत विचारतात, परदेशाच्या परीक्षेतही विचारतात. औषधाचे डोस, थेंब, मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, हे रोज एक-दोन करत राहा. बाकी कितीही क्लास लावा.

बाँड आणि मूळ कागद

बाँड म्हणजे "दोन वर्षं सोडणार नाही, सोडलं तर पन्नास हजार भरीन" असा करार. मोठ्या रुग्णालयांत प्रशिक्षणाच्या नावाखाली तो असतोच. एक वर्षाचा असेल, रक्कम तुमच्या दोन पगारांच्या आत असेल, आणि बदल्यात खरंच एखादा वॉर्ड शिकायला मिळणार असेल तर मी नाही म्हणत नाही. सरकारी नोकरी लागली तर सूट असं वाक्य त्यात घालून घ्या. बऱ्याच वेळा घालतात. मागितल्याशिवाय मात्र कोणी देत नाही.

पण मूळ प्रमाणपत्रं जमा करू नका. कधीच नाही. साक्षांकित प्रती द्या, मूळ दाखवा आणि परत पिशवीत ठेवा. माझ्या हाताखालून गेलेल्या एका मुलीने शहरातल्या एका रुग्णालयात मूळ नोंदणी दाखला आणि पदविका जमा केली होती. जिल्हा परिषदेच्या भरतीत नाव लागलं, कागदपत्र पडताळणीची तारीख आली, आणि त्या रुग्णालयातली मॅडम म्हणाली, "आधी बाँडचे पैसे भर." पोरीच्या वडिलांनी सोसायटीतून कर्ज काढून आदल्या दिवशी पैसे नेऊन टाकले म्हणून ती वेळेत पोचली.

लेटरवर पदाचं नाव काय लिहिलंय तेही बघा. "ट्रेनी नर्स" असेल तर ते किती महिने, हे लिहून घ्या. वर्षभर ट्रेनी ठेवून अनुभवपत्रावरही ट्रेनीच लिहिलं, तर पुढचा माणूस ते वर्ष धरत नाही.

सरकारी नोकरी: कुठे किती

महाराष्ट्र शासनात आपल्या पदाला अधिपरिचारिका म्हणतात. वेतनस्तर एस-१३, म्हणजे ३५,४०० ते १,१२,४००. जीएनएम आणि बीएस्सी दोघींना तोच. वर महागाई भत्ता, जो आता मूळ पगाराच्या निम्म्याहून जास्त आहे, आणि घरभाडं. पहिल्याच महिन्याला खासगीच्या तिप्पट पगार दिसतो तो असा. पुढे परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका. मात्र बढती सेवाज्येष्ठतेने होते आणि अत्यंत सावकाश होते. माझ्याबरोबर लागलेल्या निम्म्याजणी अजून अधिपरिचारिकाच आहेत. बीएस्सी-एमएस्सी असेल तर पाठ्यनिर्देशक होऊन शिकवण्याकडे जाता येतं.

वयोमर्यादा खुल्या वर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. परीक्षेत नर्सिंगबरोबर मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन असतं. आमच्या मुली नर्सिंगमध्ये पैकीच्या पैकी घेतात आणि मराठी व्याकरणात मार खातात. विभक्ती आणि प्रयोग काढून बसा, फुकटचे गुण आहेत. जातीचा दाखला, वैधता, नॉन-क्रीमी लेयर, अधिवास हे आधीच काढून ठेवा. जाहिराती मात्र वर्षानुवर्षं निघत नाहीत, निघाल्या की ढिगाने निघतात, म्हणून फक्त त्यांच्या भरवशावर घरी अभ्यास करत बसू नका. नोकरी करता करता अभ्यास करा.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातली स्टाफ नर्स कंत्राटी असते, मानधन साधारण २०,०००, नेमणूक अकरा महिने एकोणतीस दिवसांची, मग पुन्हा पुढची ऑर्डर. गावाजवळ मिळत असेल तर वाईट नाही, पण तिला कायमची सरकारी नोकरी समजून लग्नाच्या बायोडेटात घालू नका. बीएस्सीवाल्यांना समुदाय आरोग्य अधिकारी हा त्याहून चांगला पर्याय आहे: उपकेंद्रावर नेमणूक, २५,००० मानधन आणि कामावर आधारित १५,००० पर्यंत. हे पंधरा हजार दर महिन्याला पूर्ण पडत नाहीत, ऑनलाइन नोंदींवर अवलंबून असतात. उपकेंद्र म्हणजे एकटीने चालवायचं काम आहे. रक्तदाब, शुगर, गरोदर बायका, सरपंच, सगळ्यांना तुम्हीच. ज्यांना वॉर्डाची गर्दी सोसत नाही त्यांना ते आवडतं.

केंद्राकडे पगार चढा आहे. एम्सचं नर्सिंग ऑफिसर पद लेव्हल ७ ला, मूळ ४४,९००, वर नर्सिंग भत्ता वेगळा. त्यासाठी नॉर्सेट ही देशभरची परीक्षा. पूर्वपरीक्षेत १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. मग मुख्य परीक्षा. वय ३० पर्यंत, राखीव वर्गाला सवलत. बीएस्सीला अनुभवाची अट नाही. जीएनएमला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. आता कळलं, वीस खाटांच्या दवाखान्यातली दोन वर्षं तुम्हाला का महागात पडतात? नागपूरलाही एम्स आहे, पण पसंतीक्रम भरताना रायबरेली, पाटणा, गुवाहाटी सगळं भरा. आधी आत शिरा, बदलीचं नंतर बघू.

रेल्वेचं नर्सिंग सुपरिंटेंडेंट हे पदही लेव्हल ७ चंच, आणि ईएसआयसीचं नर्सिंग ऑफिसरही. ईएसआयसीची २०२४ ची भरती तर केंद्रीय लोकसेवा आयोगाने घेतली. मुलींना आणखी एक वाट आहे, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस. बीएस्सीनंतर शॉर्ट सर्व्हिस कमिशन (ठरावीक वर्षांची अधिकारी म्हणून नेमणूक), थेट लेफ्टनंट. घरच्यांना "लष्कर" म्हटलं की धडकी भरते, पण गणवेशाला आणि सहीला जो मान तिथे आहे तो मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

परदेश

इथे घाई करणाऱ्यांना सर्वांत जास्त फसवलं जातं, म्हणून आधी पैशाचं. भारतातला नोंदणीकृत एजंट तुमच्याकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो, पावती देऊन. चार लाख मागणारा, "हॉटेलच्या लॉबीत भेटा" म्हणणारा, व्हिजिट व्हिसावर पाठवतो म्हणणारा, तिघांनाही नमस्कार करून उठा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर एजंटचा परवाना शोधता येतो. सापडला नाही तर विषय संपला.

आखातात जायचं तर साधारण दोन वर्षांचा अनुभव, डेटाफ्लोची पडताळणी आणि त्या-त्या देशाची संगणकावरची परीक्षा. भाषेचा अडसर कमी, कर नाही, म्हणून घराचं कर्ज फेडायला आमच्या पुष्कळजणी तिकडेच जातात.

इंग्लंडला आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, श्रवण, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५, किंवा ओईटी, ही आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा. मग संगणकावरची परीक्षा आणि तिथे गेल्यावर प्रात्यक्षिकाची ऑस्की. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत बँड ५ ला, म्हणजे नर्सच्या पहिल्या श्रेणीला, २०२५-२६ चा सुरुवातीचा वार्षिक पगार ३१,०४९ पौंड. रुपयांत गुणून हुरळू नका, भाडं आणि कर पौंडातच जातात. शिवाय बाहेरच्या नर्सेसची भरती तिथे आता पूर्वीसारखी राहिलेली नाही.

माझ्या मते आत्ता नवीन मुलीने जर्मनीकडे बघावं. तिथे माणसांची टंचाई आहे, आणि महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करारही केला. खरी परीक्षा भाषेची. जर्मन भाषेची बी-२ पातळी गाठायला नोकरी सांभाळून वर्षभर तरी जातं, आणि तिथे पूर्ण नर्सचा दर्जा मिळेपर्यंत मदतनीस म्हणून कमी पगारावर काम करावं लागतं. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात शिका किंवा आणखी कुठे, पण परीक्षा मान्यताप्राप्त द्या. आणि ए-१ चा, म्हणजे पहिल्या पातळीचा क्लास पहिल्या नोकरीबरोबरच लावा. दोन वर्षांचा अनुभव पूर्ण होईल त्या महिन्यात बी-२ ही हातात असलं पाहिजे.

दुसरी नोकरी

वर्ष-दीड वर्षाने पगारवाढ मागायला जाल तेव्हा इनचार्ज पाचशे रुपये वाढवून देईल. खासगीत खरी वाढ जागा बदलल्यावरच मिळते. आयसीयूचा अनुभव असेल तर आहे त्यापेक्षा तीस-चाळीस टक्के जास्त बोला, आणि बोलून गप्प बसा. समोरचा आधी बोलेल.

जुनी नोकरी सोडताना नोटिशीचा महिना पूर्ण भरा. भांडून निघालात तर पत्र मिळत नाही, आणि ते पत्र मिळावं म्हणूनच तर दोन वर्षं काढली. अनुभवपत्र लेटरहेडवर घ्या. त्यात रुजू तारीख, सोडल्याची तारीख, पद, पूर्ण वेळ, कोणत्या वॉर्डात, आणि रुग्णालय किती खाटांचं, एवढं असलंच पाहिजे. खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, शिक्का आणि चालू असलेला फोन नंबर, कारण डेटाफ्लोवाले तिथेच विचारणा करतात. तारखा पीएफच्या पासबुकाशी जुळतात का, ते एचआरच्या टेबलापाशी उभं राहूनच तपासा. एक दिवस इकडेतिकडे असला तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या आणि दोन मूळ प्रती मागा.